डाव्या खिशातले चिंचोके

माझा मुलगा पुण्यात संगणकाचे प्रोग्रॅम विकतो. मागच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, "आई, सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे ज्याला आपली अडचणच माहीत नाही. त्याला काय सांगायचं?" मी नेहमीप्रमाणे उत्तराच्या मुद्द्यांची यादी केली. पहिला मुद्दा ज्वारीचं पोतं, दुसरा त्याच्या मावशीचं ऑपरेशन, तिसरा कलशेट्टी अण्णा. पहिले दोन मुद्दे अर्ध्या पानात संपले. तिसरा संपेना. शेवटी तो पत्रातून काढला आणि वेगळ्या कागदावर घेतला. हा तो कागद.

रेवणसिद्ध कलशेट्टी मूळचे सोलापूरजवळच्या वळसंगचे. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा मी त्यांच्या हाताखाली टायपिस्ट म्हणून लागले. मी एकतीस वर्षांची, दोन मुलांची आई. नवी पेठेत एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात पुण्याच्या एका कंपनीची सोलापूर शाखा. शाखा म्हणजे अण्णा आणि मी. आम्ही विकायचो कार्डांची कपाटं. लोखंडी कपाट, त्यात उथळ खण, खणात जाड कार्डं ओळीनं उभी. एका वस्तूला एक कार्ड. वस्तू कुठं ठेवलीय, किती उरलीय, परत कधी मागवायचीय, सगळं त्या कार्डावर. आज माझा मुलगा जे पडद्यावर दाखवतो तेच, फक्त लोखंडाचं आणि चार माणसांनी उचलायचं.

मला पहिल्याच दिवशी ते कपाट आवडलं. सोलापुरात दुसऱ्या कुणाला आवडल्याचं मला वर्षभर दिसलं नाही. कुठंही जा, दुकानदार एकच वाक्य म्हणायचा, "आमचं सगळं बरोबर चाललंय की."

अण्णा उंच, खांद्यातून जरा वाकलेले. कपाळावर विभूतीच्या पुसट रेघा. सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा अंगात खाकी कोट. मी एकदा विचारलं, उकडत नाही का? म्हणाले, "उकडतंय की. पण शर्टाचा खिसा ल्हान असतो." कोटाला दोन मोठे खिसे होते. डाव्या खिशात चिंचोके असायचे, मूठभर, घासून तकतकीत केलेले. उजवा खिसा रिकामा.

त्या चिंचोक्यांचं काम मला एका मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कळलं. नमुन्याची कार्डं लिहून दाखवायला अण्णांनी मला बरोबर नेलं होतं. आत शिरताना त्यांनी नमुन्यांची कातडी बॅग दाराबाहेर चपलांच्या रांगेत ठेवली. मला वाटलं विसरले. मी उचलायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे तितंच. बॅग आत गेली की मालक आवळून बसतो."

मग आम्ही बसलो. अण्णांनी चहा घेतला, मालकाच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, हत्तूरच्या रस्त्याची केली. कपाटाचा शब्द नाही. दुकानात गिऱ्हाईक येत होतं, नोकर शिडीवर चढत होते, उतरत होते. दर थोड्या वेळानं अण्णांचा डावा हात डाव्या खिशात जायचा, मग काहीतरी उजव्या खिशात पडायचं. दीड तास झाला. मी मनातल्या मनात दिवसभराच्या कामांच्या यादीची तीनदा उजळणी केली. शेवटी अण्णा उठले आणि उजवा खिसा मालकाच्या टेबलावर रिकामा केला. खडखड चिंचोके पडले.

मालक म्हणाला, "हे काय अण्णा? चिंचोके विकायला लागलाव काय?"

"माझे न्हाईत. तुमचे हायेत. मोजा की."

सव्वीस निघाले.

"मी आल्यापासनं तुमच्या दुकानात 'कुटंय' हा सबुद सव्वीस डाव आला. 'बेअरिंग कुटंय', 'ती पेटी कुटंय', 'शिडी कुटंय'. त्यात तुमचे सोताचे अकरा."

मालक आधी हसला. मग त्यानं चिंचोक्यांकडं पाहिलं, मग वर माळ्यावर पाहिलं. तेवढ्यात आतून नोकर ओरडला, "शेठ, पान्हा कुठंय?" मालक काही बोलायच्या आधी अण्णांनी डाव्या खिशातून आणखी एक चिंचोका काढून ढिगावर ठेवला. मालक हसून खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, "ती चपलांपाशी बॅग कुणाची आहे?"

अण्णा कायम ह्याच प्रश्नाची वाट पाहायचे. तो आला तरच बॅग आत यायची. नाही आला तर ते बॅग उचलून नमस्कार करून घरी.

येताना मला म्हणाले, "आपलं कपाट मागनं दाखवायचं, बाई. आदी मानसाला त्याचं सोताचं दुकान दाखवायचं. रोज बघून बघून त्याला ते दिसंनासं झालेलं असतंय, नोडरी." नोडरी म्हणजे कन्नडमध्ये 'बघा हो'. त्यांचं बोलणं वळसंगचं, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. घाईत असले की मराठी सुटायचं, रागात असले की दोन्ही सुटायचं आणि ते नुसते गप्प बसायचे.

कपाट विकलं की त्यांचं काम संपत नसे, तिथून ते सुरू व्हायचं. महिन्यानं ते त्या दुकानात जाऊन एक खण ओढायचे आणि कार्डांच्या वरच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. कार्डं स्वच्छ असली की चेहरा पडायचा. काळी झालेली, तेलकट, कोपरे दुमडलेली असली की स्वतःच्या नातवाचा पहिला दात दिसल्यासारखे हसायचे. "कार्ड मळलं पायजे," म्हणायचे. "न मळलेलं कार्ड म्हंजे आपन लोकंड इकलं."

पुण्याहून दर दोन महिन्यांनी सूचनांचं पत्र यायचं. ग्राहकाला आगीची आठवण करून द्या, चोरीची करून द्या, नोकर फसवतात हे सुचवा, घाबरलेला ग्राहक लवकर निर्णय घेतो. मी ते वाचून दाखवायची. अण्णा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "भ्यालेला मानूस वस्तू घेतो, पन वापरत न्हाई. लावा फायलीला."

आमचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. दर शनिवारी पुण्याला भेटींचा अहवाल जायचा. मी टाईप करायची. त्यात एक रकाना होता, 'ग्राहकाची अडचण'. अण्णा तो कायम कोरा सोडायचे. मला कोरा रकाना बघवत नाही, तेव्हाही बघवत नव्हता. पेटीकोटाच्या नाडीपासून पंचांगापर्यंत माझ्या घरात प्रत्येक गोष्टीची नोंद असते. मी म्हणायची, "अण्णा, काहीतरी सांगा, मी भरते."

"त्यो रकाना मालकानं भरायचा असतोय. आपन न्हाई."

"पण फॉर्म आपला आहे."

"फॉर्म आपला. अडचन त्याची."

मी धुसफुसत कागद यंत्रातून ओढून काढायची.

एकदा ते शुक्रवार पेठेत एका शिंप्याकडं गेले, उस्मानभाई त्यांचं नाव. दिवसभर बसले आणि संध्याकाळी चेहरा उजळून परत आले. मला वाटलं ऑर्डर.

"किती चिंचोके?" मी विचारलं.

"एक. त्यो बी चा आनायला गेलेल्या पोराबद्दल."

"मग?"

"मग काय, त्यान्ला सांगून आलो, तुमाला आमचं कपाट नको." त्यांनी खिशातून कापडाची एक पट्टी काढली. तिच्या कडेला कात्रीनं एक बारीक कातरा मारलेला होता. "हे बगा. दरेक गिऱ्हाइकाच्या कापडाला ते असा कातरा मारतात. एक डावीकडं, दोन मदी, असं. मी इचारलं, चिठ्ठी का लावत न्हाई? तर म्हनतात, 'अण्णा, बिजली जाती तो चिठ्ठी कौन पढता? कातरे को हात लगाया तो अंधेरे में बी मालूम पडता किसका है.'"

पट्टी त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली. अहवालात मात्र एक वाया गेलेला दिवस लिहावा लागला. त्यावर पुण्याच्या साहेबांचं कडक पत्र आलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की सोलापूर शाखा चालू ठेवायची की नाही ह्याचा विचार दिवाळीनंतर होईल. मी ती ओळ दोनदा वाचली. नोकरी माझीही होती. अण्णा म्हणाले, "इरली बिडरी," म्हणजे असू द्या हो, आणि डब्यातली कडक भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं ठेवली.

त्याच सुमाराला आम्ही साखर पेठेतल्या चादरींच्या कारखान्यात गेलो.

मालक श्रीनिवास शेठ, पस्तिशीतला माणूस, वडिलांच्या माघारी कारखाना चालवणारा. बोलायला मोकळा, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. चादरीवर मोर, कमळ, रथ, जे काही विणलं जातं ते मागाच्या वर बसवलेल्या जकार्ड यंत्रामुळं. त्यासाठी छिद्रं पाडलेले पुठ्ठे लागतात. एका नक्षीचे शेकडो पुठ्ठे दोऱ्यानं ओवून त्याची माळ करतात. अशा असंख्य माळा तिथं माळ्यावर खुंट्यांना टांगलेल्या होत्या, एकीला दुसरी खेटून, सगळ्या सारख्याच तपकिरी. कोणती माळ म्हणजे कोणती नक्षी, तिला कोणत्या रंगाचं सूत कोणत्या क्रमानं, तिच्यातला कोणता पुठ्ठा फाटलाय, हे एकाच माणसाला ठाऊक होतं. ते राजय्या मास्तर. शेठच्या वडिलांच्या वेळेपासूनचे.

"आमच्याकडं कागद नाही, कार्ड नाही," शेठ अभिमानानं म्हणाले. "सगळं मास्तरांच्या डोक्यात. काही अडचण नाही."

आम्ही बसलो. तीन तास. अण्णांचा हात एकदाही डाव्या खिशात गेला नाही. कुणी कुठंय म्हणतच नव्हतं. विणकर यायचा, मास्तरांना तेलुगूत नक्षी सांगायचा, मास्तर माळ्यावर जायचे आणि माळ आणून द्यायचे. चपलांपाशी बॅग तशीच पडून.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "उस्मानभाईंसारखंच की. ह्यांना नको आपलं कपाट."

 अशोक चौकापर्यंत आम्ही चालत आलो. मग अण्णा थांबून म्हणाले, "बाई, आज मी चुकीचा सबुद मोजत बसलो. तितं कुटंय हा सबुदच न्हाई. तितं निस्तं 'मास्तर, मास्तर' चाललंय." आणि मग हळू आवाजात, "मास्तरला दिसत न्हाई."

मला पटेना. मास्तर तर भराभर माळा काढत होते.

"अंगठ्यानं काडत हुते. पुठ्ठ्याच्या भोकांवरनं अंगठा फिरवून. तुमी चाचा कप फुडं केला तवा त्यांचा हात कपाच्या हिकडं गेला. मग हसून म्हनले, गरम आहे. कपाला हात लागलाच नव्हता की."

मला ते आठवलं. मी पाहिलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

"मग उद्याच शेठना सांगू," मी म्हटलं. "ऑर्डर झालीच म्हणायची."

अण्णांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "आनि म्हाताऱ्याचं काय? शेठ उद्या दुसरा मास्तर बघंल. चाळीस वर्सं ज्या मानसानं त्या मागांवर मोर नाचवलं, त्याला आपन कपाट खपवायला घरी बसवायचं? ते गुपित माजं न्हाई. मला निस्तं दिसलंय."

हे सगळं झालं गुरुवारी. शनिवारी मी अहवाल टाईप केला. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली, शाखेची ती ओळ डोक्यात, आणि समोर तो कोरा रकाना. अण्णा अक्कलकोटला गेलेले. कंपनीला निदान कळू दे की आम्ही काहीतरी करतोय, असं वाटून मी भरला. सुबक अक्षरयोजनेत, एका ओळीत मावेल असं : 'नक्षीची सर्व माहिती एका मास्तरांकडे, त्यांची दृष्टी गेलेली, मालकास कल्पना नाही.' आणि पाकीट पोस्टात टाकलं.

बुधवारी तार आली. साहेब स्वतः गुरुवारी सकाळच्या गाडीनं येत आहेत, साखर पेठेच्या ग्राहकाला भेटतील.

अण्णांनी तार वाचली. मग फायलीतली अहवालाची प्रत काढून वाचली.  मी कारणं द्यायला लागले, एक, दोन, तीन, मला कारणंसुद्धा यादीतच सुचतात.  अण्णांनी प्रत जागेवर ठेवली. टेबलाच्या काचेखालची उस्मानभाईंची पट्टी काढली. दहा-बारा कोरी कार्डं घेतली आणि कात्रीनं त्यांच्या कडेला कातरे मारायला बसले. एक डावीकडं. दोन मध्ये. एक डावीकडं, एक उजवीकडं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "चला माज्याबरोबर. अक्षर तुमचं चांगलं हाय."

चार वाजता आम्ही राजय्या मास्तरांच्या घरी होतो. त्यांची पाळी सुटलेली. ओसरीवर बसले होते, मांडीवर सुताचा गुंडा. अण्णांनी बॅग चपलांपाशी ठेवली, त्यांच्याजवळ बसले आणि काहीही न बोलता एक कार्ड त्यांच्या हातात दिलं.

मास्तरांचा अंगठा आपोआप कडेवर गेला. कातऱ्यापाशी थांबला. मागं गेला, परत थांबला.

"हे काय?"

"कमळ," अण्णा म्हणाले. "एक कातरा डावीकडं म्हंजे कमळाच्या माळा. मदी दोन म्हंजे मोर. कार्डावर बाई लिवतील, माळ कंच्या खुंटीला, सूत कंच्या रंगाचं. लिवलेलं दुसरा वाचंल. कातरा तुमी वाचायचा."

"हे कशासाठी काढलं?"

"वीज जाते की सारकी. अंदारात उपेगी पडतं."

 आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. मग मास्तरांनी कार्ड गालाला लावलं, जसं आपण लहान मुलाचा हात लावतो, आणि म्हणाले, "माझी वीज दोन वर्षं झाली जायला लागलीय, अण्णा."

त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली. तिला ठाऊक असावं. तिनं पदर तोंडाला लावला.

"म्हाईत हाय मला," अण्णा म्हणाले. "आनि तुमाला सांगायला पायजे, आता पुन्याला बी म्हाईत झालंय. आमच्या हापिसातनं चूक झाली. उद्या सकाळी आमचा साहेब येतोय, त्यो शेठला सांगनार. म्हनून आज आलो. तुमची गोष्ट तुमच्या आदी कुनी सांगू ने."

आमच्या हापिसातनं, ते म्हणाले. मी तिथं मांडीवरच्या वहीत मान घालून बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मास्तर चिडले. चिडणारच. तेलुगूत काहीबाही बोलले, मग मराठीत म्हणाले, "तुमच्या कपाटासाठी माझं पोट?"

"कपाट घेऊ नका. कार्डं ठिवा, ती फुकट हायेत. पन एक इचारतो. एकंदर नक्षी किती, मास्तर?"

मास्तरांनी मांडीवरचा गुंडा बाजूला ठेवला. बोटं मोजायला लागली. बराच वेळ मोजत होती.

"कुणी विचारलंच नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

"मग हे बगा. माळा बाकीचे उचलतील. पन ह्या सगळ्या नक्षी सांगायला शेठला जगात एकच मानूस हाय, आनि सांगून व्हायला वरीस तरी लागंल. हे तुमाला म्हाईत पायजे, शेठला बी पायजे. मग काय करायचं ते तुमी दोगं बगा."

मास्तरांनी कार्डं जवळ ओढून घेतली. आम्ही निघालो. अण्णांनी वाटेत एकही शब्द काढला नाही. रात्री मला झोप नव्हती.

गुरुवारी आम्ही साहेबांना स्टेशनवरून घेऊन साखर पेठेत पोचलो तेव्हा माग चालू होते, पण शेठ आणि मास्तर माळ्याखाली उभे होते आणि शेठ ओरडत होते. "दोन वर्षं? मास्तर, दोन वर्षं? मला परका समजलात?" डोळे लाल. मास्तर मान ताठ ठेवून उभे, हातात ती कातऱ्याची कार्डं पत्त्यांसारखी धरलेली. त्यांनीच सांगितलं होतं. आमच्या आधी पाऊण तास.

साहेबांना हे काही कळलं नाही. त्यांनी बॅग आत नेली, टेबलावर उघडली आणि घसा साफ करून सुरुवात केली, "शेठजी, समजा उद्या आग लागली..."

"बसा साहेब, चहा घ्या," शेठ त्यांना म्हणाले. "ऑर्डर मास्तरांनी दिलीय. त्यांना पाहिजे तसंच कपाट द्या. आणि प्रत्येक कार्डाला कातरा पाहिजे. आमच्याकडं वीज फार जाते."

अण्णा दाराशी उभे होते. माळ्यावरच्या माळांकडं पाहत होते, की दुसरीकडं, मला दिसलं नाही.

ते काम वर्षावर चाललं. मास्तर सांगायचे आणि कारखान्यातली दोन माणसं लिहायची. पहिला महिना मी रोज संध्याकाळी तासभर जाऊन पद्धत बसवून दिली. अण्णांनी मला जा म्हटलं नव्हतं. नको म्हटलं नाही एवढंच.

त्या एका कपाटानं शाखा वाचली नाही. ती पुढच्या वर्षी बंद झाली. बंद होण्याआधी अण्णांनी एका शाळेच्या मुख्याध्यापकांकडं जाऊन बसायला सुरुवात केली. तीन वेळा गेले. मला वाटलं शेवटचं एक कपाट खपवताहेत. चौथ्या वेळी मुख्याध्यापकांनी मलाच बोलावलं. कार्यालयात लेखनिकाची जागा होती. ते म्हणाले, "कलशेट्टी आमच्या टेबलावर चिंचोक्यांचा ढीग करून गेले. मी विचारलं, बाहेरची बॅग कुणाची? तर म्हणाले, आज बॅग आणली नाही, बाईंचं नाव आणलंय."

त्या नोकरीत मी अजून आहे. मुलांची शिक्षणं तिच्यावर झाली, पुण्याला प्रोग्रॅम विकणाऱ्याचंसुद्धा.

अण्णा वळसंगला शेती बघायला गेले. मग त्यांचं येणं कमी होत गेलं. शेवटचे आले तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. परीक्षेचे दिवस, माझ्या खोलीत दाखले, हजेऱ्या, शिपाई, पालक, सगळं एकदम. मी मान वर केली तर दारात खाकी कोट. मी उठून त्यांना बसवलं, पाणी दिलं, काहीतरी बोलले आणि परत कामात शिरले, कारण समोर चार पालक उभे होते. ते बाकावर तासभर बसून होते. मधून मधून माझं लक्ष जायचं. कोट सैल झाला होता. हात मांडीवर.

गर्दी ओसरल्यावर मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. ते सकाळीच साखर पेठेत जाऊन आले होते. "मास्तरला आता काय बी दिसत न्हाई," ते म्हणाले. "पन खुर्ची कपाटापाशीच हाय. कार्डं अशी काळी झाल्यात, बाई, अशी काळी! मोराच्या कार्डाचा कातरा तर झिजून गोल झालाय." आणि अंगठा हवेत फिरवून दाखवला.

मग मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "अण्णा, तेव्हा मास्तरांच्या घरी तुम्ही माझं नाव का घेतलं नाही?"

त्यांना आठवायला वेळ लागला. खरंच लागला, की तसं दाखवलं, सांगता येत नाही. "हापिसात मानसं दोन. नाव घिऊन वेगळं काय करायचं हुतं?"

 मी उगाच टेबलावरची फाईल सरळ केली. ते उठले. उजव्या खिशात हात घातला आणि मुठीत काहीतरी घेऊन माझ्या टेबलावर ठेवलं. एकच चिंचोका.

मला राग आला, ह्या खोलीची घडी मी सहा महिन्यांत बसवली होती. "एक? माझ्या ऑफिसात? कुठली वस्तू सापडली नाही?"

"वस्तू समद्या सापडल्या. मी आत आलो तवा तुमीच म्हनलाव की, 'अण्णा, इतके दिवस कुठं होता?'"

एवढं बोलून ते बाहेर पडले. चपलांपाशी वाकले, सवयीनं बॅग उचलायला हात खाली गेला आणि रिकामाच वर आला. मग शाळेच्या मैदानाच्या कडेकडेनं, सावली धरून, एस. टी. स्टँडच्या दिशेनं चालत गेले, डावा हात डाव्या खिशात.